एका दिवसाचा पास

११ सप्टेंबर २०१७, सोमवार

एसटीच्या मलकापूर डेपोच्या कंट्रोल रूममध्ये असताना लोकांचे पास काढायचो आणि रोज नोंद ठेवायचो. कोणती गाडी आली, कोणती गेली, कोणती कुठे बंद पडली. रिटायर झालो आणि सवय सुटली. आजपासून परत धरतो आहे, कारण आमच्या शेतकरी कंपनीची गाडी भर रस्त्यात बंद पडली आहे आणि तिचा व्यवस्थापक मी आहे.

झालं असं. शनिवारी कंपनीच्या नंबरवरून सगळ्या सभासदांच्या मोबाईलवर मेसेज गेला, की कपाशीवर अमुक आणि तमुक अशी दोन औषधं एकत्र करून फवारा. असा सल्ला कंपनीने दिलेलाच नव्हता. ही दोन एकत्र करू नका म्हणून विद्यापीठाचे लोक उन्हाळ्यापासून कंठशोष करत आहेत. रविवारी आमचा सभासद नारायण फवारता फवारता बांधावरच कोसळला, आणि तिकडे अध्यक्षसाहेबांचा सालदार वामनसुद्धा. दोघांना बुलढाण्याच्या दवाखान्यात नेलं. वामन उठून बसला आहे. नारायणला डोळ्यांनी दिसत नाही.

नारायणची बायको सिंधूताई आमच्याच कंपनीचं काम करते. शेतात लावलेल्या सापळ्यांत किती पतंग अडकले ते मोजायचं आणि आकडा मोबाईलवरून कंपनीच्या मशीनला, म्हणजे ज्यातून सगळ्यांना मेसेज जातात त्या कॉम्प्युटरला, कळवायचा. आज ती दवाखान्यातून सरळ मोताळ्याला ऑफिसात आली. रडली नाही, भांडली नाही. म्हणाली, "भाऊ, मेसेज कोनं टाकला तेवढं सांगा."

मला सांगता आलं नाही. मशीनचा पासवर्ड एकच आहे आणि तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर एकादशीच्या चौकटीत लिहिलेला आहे. तो संचालकांना माहीत आहे, झाडणाऱ्या बाईला माहीत आहे, आणि मी एकदा विसरलो होतो तेव्हा मला चहावाल्याने सांगितला होता.

अध्यक्ष उकंडरावांनी तडकाफडकी चौकशी समिती नेमली. समितीत मी एकटाच आहे. त्यांचे जावई दीपकराव, ज्यांचं स्टँडजवळ कृषी केंद्र आहे, त्यांना फारच वाईट वाटलेलं दिसलं. हा नेटवरून आलेला व्हायरस असावा असं त्यांचं मत पडलं. मला चहा पाजला, भजी मागवली. त्यातल्या त्यात एक बरं, की नेमकी तीच दोन औषधं दीपकरावांकडे भरपूर होती, त्यामुळे लोकांना मलकापूरपर्यंत धावावं लागलं नाही. योगायोग.

१२ सप्टेंबर

व्हायरस कसा पकडतात याची दिवसभर चौकशी केली. कोणाला माहीत नाही. कॅलेंडर काढून कपाटात ठेवलं.

१४ सप्टेंबर

पिंपळगाव राजाला जाऊन आलो. तिथले कापसाचे व्यापारी मेहबूबभाई माझे एसटीच्या काळापासूनचे दोस्त. त्यांची मुलगी हीना पुण्याला मोठ्या कंपनीत मशीनांची राखण करते. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे, सातवा सरला. दिवाणावर उशीला टेकून बसली होती, मांडीवर मावेना म्हणून लॅपटॉप स्टुलावर.

मी सगळं सांगितलं. तिने पासवर्ड विचारला, मी सांगितला, तिने कपाळाला हात लावला.

"काका, एकच किल्ली गावभर वाटली तर चोरी कोनं केली हे कुलूप कसं सांगन?"

मग तिने उपाय सांगितला, तो मला समजला तसा लिहितो. पासवर्ड बंदच करायचा. प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये त्याची स्वतःची किल्ली तयार होते, ती कोणालाच द्यायची नाही. त्या किल्लीचा ठसा मात्र हीनाकडे पाठवायचा. हीनाजवळ कंपनीची एक सहीची किल्ली राहील. त्या किल्लीने ती ठशावर सही करणार, की झालं प्रमाणपत्र. त्यावर नाव, कुठपर्यंत जायची परवानगी, काय करायची परवानगी, आणि मुदत कधी संपते. मशीन माणसाला ओळखत नाही, फक्त सही ओळखतं. मग माणूस घरून येवो की पुण्याहून. आणि कोण आला, कधी आला, हे लिहून ठेवतं.

मी म्हटलं, हा तर एसटीचा पास झाला. कंडक्टर विद्यार्थ्याला ओळखत नाही, डेपोचा शिक्का ओळखतो. मोताळा ते मलकापूरच्या पासवर नागपूरला जाता येत नाही.

हीना माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "हाव काका. पासच."

मला फार बरं वाटलं. मी तिला विद्यार्थी पास, सवलत पास, मासिक पास असा सगळा प्रकार सविस्तर समजावून सांगितला. तिने ऐकून घेतला. मेहबूबभाईंना डुलकी लागली.

१८ सप्टेंबर

संचालकांची सभा. मी उभा राहून म्हटलं, आता प्रत्येकाला सहीचं प्रमाणपत्र मिळणार. सगळे खूश. एकाने विचारलं, तहसीलदाराची सही लागेल का? दुसऱ्याने विचारलं, रेशनकार्डाची झेरॉक्स किती?

अध्यक्षसाहेब मात्र खूश नव्हते. कंपनीचे अध्यक्ष ते, तर सही मेहबूबभाईंच्या मुलीची का? मी सांगितलं की सही तिची नाही, किल्लीची आहे.

"किल्ली सही कशी करन बे?" अध्यक्षसाहेब म्हणाले.

 शेवटी असं ठरलं, की मशीनमध्ये किल्लीची सही राहील आणि कागदावर अध्यक्षसाहेबांची. कागदाची काही गरज नव्हती, पण सभा संपवायची होती.

२३ सप्टेंबर

कोणाला काय परवानगी द्यायची हे ठरवायला पुन्हा पिंपळगाव राजाला गेलो. एसटीत एवढा त्रास झाला नव्हता. तिथे प्रत्येकाला कुठे जायचं ते माहीत असायचं. इथे प्रत्येकाला नागपूरचा पास पाहिजे, जायचं मात्र कोणालाच कुठे नाही.

सिंधूताईसारख्या मोजणाऱ्या बायकांना आपापल्या गावाचा आकडा भरता येईल, बस. मुदत हंगाम संपेपर्यंत. भरलेला आकडा खोडता येणार नाही, चुकला तर खाली नवा भरायचा. संचालकांना आपापल्या भागातले आकडे बघता येतील.

अध्यक्षसाहेबांचं काय, यावर मी अडलो. हीनाने विचारलं, ते मशीनवर करतात काय? मी म्हटलं, बघतात. ती म्हणाली, मग बघू द्या. सगळं बघू द्या, एकूण एक गाव. पण हात कशाला लावता येणार नाही. मला हे थोडं अवघड वाटलं. तिने त्याला नाव दिलं "संपूर्ण दर्शन परवानगी". नाव ऐकून मला हायसं वाटलं.

सगळ्यांना मेसेज पाठवायची परवानगी एकट्या मला. ऐकून छाती फुगली. पण मुदत? एक दिवस. तीही संध्याकाळी सहाला संपणार. मेसेज पाठवायचा असेल त्या सकाळी तिला फोन करून नवा पास मागायचा.

खरं लिहितो, मनाला लागलं. शाळेच्या पोराला महिन्याचा पास असतो. घरी आल्यावर आमच्या सौ. पुष्पाबाईंना म्हणालो, की या पोरीचा माझ्यावर विश्वास नाही. बाई भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "तुमच्यावर आहे. तुमच्याजवळ कोणी येऊन बसलं तर त्याच्यावर नसंन."

माझ्याजवळ कोण येऊन बसणार?

२ ऑक्टोबर

गांधी जयंतीचं औचित्य साधून प्रमाणपत्र वितरण सोहळा. मंडप, माईक, शाल, श्रीफळ. अध्यक्षसाहेबांनी सोनेरी काठाची प्रमाणपत्रं खामगावहून छापून आणली, फ्रेम करून. प्रत्येकावर त्यांची सही. स्वतःच्या प्रमाणपत्रावरही त्यांनीच सही केली आणि स्वतःलाच प्रदान केलं, टाळ्या झाल्या.

सिंधूताईने फ्रेम हातात घेऊन उलटीसुलटी पाहिली आणि हळूच मला विचारलं, की ही मोबाईलमध्ये कुठून घालायची. मी सांगितलं, खरी तुझ्या मोबाईलमध्ये आधीच आली आहे, ही भिंतीसाठी. नारायणबद्दल विचारलं. एका डोळ्याला उजेड कळतो म्हणाली.

अध्यक्षसाहेब भाषणात म्हणाले की कंपनीत सर्वांत मोठी परवानगी त्यांची आहे, त्यांना सगळं दिसतं. दीपकराव टाळ्या वाजवत नव्हते. प्रकृती बरी नसावी.

५ ऑक्टोबर

दीपकराव ऑफिसात आले आणि कॅलेंडर कुठे गेलं म्हणून विचारू लागले. एकादशी कधी आहे ते बघायचं होतं. मी तोंडी सांगितली. तरी बराच वेळ भिंतीकडे बघत बसले. धार्मिक माणूस.

१२ ऑक्टोबर

दीपकरावांना पण एक प्रमाणपत्र द्या, असं अध्यक्षसाहेबांनी सुचवलं. मी म्हटलं, ते सभासदही नाहीत आणि नोकरही नाहीत, कोणत्या सदरात देऊ? साहेब म्हणाले, जावई या सदरात. तसं सदर नाही म्हटल्यावर विषय सोडला.

२३ ऑक्टोबर

दिवाळी झाली. या वर्षी अध्यक्षसाहेबांचं माझ्यावर फार प्रेम जडलेलं दिसतं. पूर्वी "इंद्रभान, इकडे ये" म्हणायचे, आता "इंद्रभानजी, बसा". दोनदा त्यांच्या गाडीतून घरी सोडलं. आज संध्याकाळी दीपकरावांनी घरी जेवायला बोलावलं होतं. शेगावची कचोरी खास मागवली होती. माझ्या कामाची पद्धत वरच्या लोकांच्या नजरेत आली, असं मी पुष्पाबाईंना म्हणालो. त्यांनी "हो का" एवढंच म्हटलं.

जेवताना दीपकरावांनी माझा मोबाईल हौसेने बघायला घेतला. मी आज सकाळी मेसेज पाठवायला पास घेतला होता, तो कसा दिसतो ते त्यांना पाहायचं होतं. ओसरीवर जाऊन बराच वेळ न्याहाळत होते. परत दिला तेव्हा चेहरा उतरला होता. माझा मोबाईल जुना आहे, आवडला नसावा.

२४ ऑक्टोबर

हीनाचा फोन. काल संध्याकाळी सातच्या सुमाराला मुदत संपलेला पास घेऊन मशीनच्या दारात कोणी उभं होतं का? नाव माझं दिसतं आहे आणि सहा वेळा दार ठोठावलं आहे.

मी म्हटलं, शक्यच नाही, मी तेव्हा अध्यक्षसाहेबांच्या जावयाकडे कचोरी खात होतो.

 ती हसली. "काका, कचोरी खात जा. मोबाईल खिशात ठेवून खात जा."

मोबाईलला तेल लागतं, हे तिचं बरोबर आहे.

१३ नोव्हेंबर

वाईट बातमी. सिंधूताईच्या सापळ्यात पतंगांचा खच पडला आहे. बाकी गावांतही तेच. आज तिच्या शेतात गेलो. बोंड वरून हिरवंगार, ठणठणीत. तिने नखाने फोडलं तर आत गुलाबी अळी, सरकी पोखरलेली, रुई पिवळी. दुसरं फोडलं, तेच. बीटी बियाणं आलं तेव्हा लोक बोंडअळीचं नावसुद्धा विसरले होते. आता ती जणू थकबाकी वसूल करायला आली आहे. लोक घाबरले आहेत, आणि घाबरलेला माणूस जे औषध हाती लागेल ते फवारतो.

विद्यापीठाच्या माणसाशी बोलून मेसेज लिहिला. औषधं मिसळून फवारू नका, आता त्याचा उपयोग नाही. चांगलं बोंड आहे ते वेचून घ्या. डिसेंबरअखेर कपाशीची पऱ्हाटी उपटा, पाणी देऊन पुढच्या बोंडांसाठी फरदड ठेवू नका, नाहीतर ही अळी पुढच्या वर्षालाही मुक्कामाला राहील.

अध्यक्षसाहेब म्हणाले, दोन दिवस थांबा. जावईबापूंचं म्हणणं आहे की एक फवारा अजून सांगावा. मी थांबलो. का थांबलो ते कळत नाही. गाडीतून सोडतात म्हणून असेल का?

१५ नोव्हेंबर

हीनाचे दिवस भरत आले. ती दवाखान्यात असताना कंपनीचं काम अडू नये म्हणून तिने सहीची किल्ली असलेला पेनड्राइव्ह माझ्या हवाली केला. पण ती किल्ली उघडायला एक वाक्य टाईप करावं लागतं, ते वाक्य तिने फक्त वडिलांना सांगितलं. दोघं एकत्र आल्याशिवाय सही होणार नाही.

मी विचारलं, दोन्ही माझ्याकडेच का नाही?

"काका, तुमी लय चांगले आहात ना, म्हनून," ती म्हणाली.

घरी येऊन पुष्पाबाईंना हे कौतुक सांगितलं. त्यांना एवढं हसू आलं की ठसका लागला.

१७ नोव्हेंबर

सकाळीच अध्यक्षसाहेब आणि दीपकराव ऑफिसात. हीनाला खामगावच्या दवाखान्यात नेल्याची बातमी त्यांना माझ्या आधी लागली होती. दीपकरावांसाठी मेसेज पाठवायचा एक पास काढा, फक्त आजच्या दिवसाचा, पिंपळगावच्या म्हाताऱ्याकडून वाक्य आणायला गाडी देतो, असं बोलणं निघालं. अध्यक्षसाहेब बोलत होते पण माझ्याकडे बघत नव्हते. खिडकीबाहेर बघत होते.

मी हो म्हणणार होतो. तोंड उघडलं आणि तीस वर्षांची सवय आडवी आली. मी विचारलं, पास कशासाठी? पास काढताना मी हे प्रत्येकाला विचारायचो, मग तो आमदाराचा भाचा का असेना. कॉलेज, दवाखाना, नोकरी, काहीतरी सांगावं लागतं.

दीपकराव वैतागले. "मेसेज टाकायले, अजून कायले? सप्टेंबरले असं काई विचारा लागलं नोतं. भिंतीवर पाह्यलं का झालं."

मी त्यांना शांतपणे समजावलं, की सप्टेंबरचं सगळं वेगळं होतं, तेव्हा खरंच सोपं होतं, पण आता नियम आहे. कारण न सांगता पास देता येत नाही आणि जे कारण सांगितलं ते विद्यापीठाच्या सल्ल्याविरुद्ध आहे. ते ताडकन उठून गेले. अध्यक्षसाहेब मात्र बसूनच राहिले, माझ्याकडे विचित्र नजरेने बघत. मी त्यांना चहा विचारला. नको म्हणाले.

संध्याकाळी जेवताना हे सगळं पुष्पाबाईंना सांगत होतो. सप्टेंबरला विचारावं लागलं नव्हतं, इथपर्यंत आलो आणि त्यांचा भाकरी थापणारा हात थांबला.

"अहो," त्या म्हणाल्या. "मग तो मेसेज त्यानंच टाकला ना."

मी म्हटलं, नाही, तो व्हायरस...

मग मी थांबलो. ताटातली भाजी गार होईस्तोवर थांबलो. औषधं, भजी, कॅलेंडर, कचोरी, सातच्या सुमाराचं ते दार ठोठावणं. एकेक गाडी फलाटाला लागावी तसं सगळं येऊन उभं राहिलं. आणि मी कंट्रोल रूममध्ये बसून सगळ्यांना चहा विचारत होतो.

१८ नोव्हेंबर

भल्या सकाळी अध्यक्षसाहेबांकडे गेलो. गोठ्यात होते, बैलाच्या पाठीवरून हात फिरवत. मी काही बोलायच्या आधीच म्हणाले, "मले काल समजलं, इंद्रभान."

मग बराच वेळ तेच बोलत होते. वामन त्यांच्या घरी वीस वर्षांपासून आहे. तो आजारी पडला तेव्हा त्यांनी कोण्या अज्ञात व्हायरसला आईबहिणीवरून शिव्या घातल्या होत्या, जावयाच्या समोर, आणि जावई मान हलवत होता. पण लेक त्या घरात दिलेली. जावयाला एक शब्द बोललो तर त्याचं उट्टं तो तिच्यावर काढेल. जावयाला कुंडलीतला दहावा ग्रह म्हणतात ते उगीच नाही. सभेत दहा संचालकांना गप्प बसवणारा हा माणूस घरी आलेल्या जावयासमोर पाट कोणता मांडावा म्हणून घाबरतो.

मग हळूच म्हणाले, "तुमी असं करा. त्याले माह्या समोर नाई म्हना. मोठ्यानं म्हना, नियमात नाई बसत. मी म्हनीन, पाहा बापू, मले बी फक्त पाहता येते."

मला त्यांची दया आली. मी म्हटलं, मी मोठ्याने म्हणतो, माझी नोकरी गेली तरी चालेल. पण सिंधूताईने मला एक प्रश्न विचारला आहे, त्याचं उत्तर मी द्यायचं नाही. ते तुम्ही द्या.

 एवढं बोलून मी गोठ्याच्या खांबाला धरून उभा राहिलो. अध्यक्षसाहेब बैलाशीच बोलत असल्यासारखे म्हणाले, "देतो."

१९ नोव्हेंबर

आजचा दिवस आयुष्यभर विसरणार नाही. सकाळच्या गाडीने खामगावला दवाखान्यात गेलो, खिशात पेनड्राइव्ह. मेहबूबभाई बाकावर बसले होते, मांडीवर मुलीचा लॅपटॉप, आणि तोंडात तंबाखूचा खर्रा. पोरीला आत घेऊन बराच वेळ झाला होता. मी म्हटलं, ही वेळ नाही, मी उद्या येतो. तेवढ्यात आतून नर्स आली.

"इंद्रभानकाका कोण? पेशंट म्हणते, पेनड्राइव्ह लावा."

मी चक्रावलो. नर्स आत गेली, परत आली. "म्हणते, काळी खिडकी उघडा. काय ते मला माहीत नाही, पण लवकर उघडा, ती माझा हात सोडत नाही."

आम्ही लॅपटॉपवरची ती काळी, नुसत्या अक्षरांची खिडकी उघडली. माझ्या मोबाईलमधला ठसा कसा घ्यायचा ते नर्सने निरोपाने सांगितलं. मुदत किती घालायची ते मी तिच्यामार्फत विचारलं. उत्तर आलं, "म्हणते, एक दिवस. आणि तिला आता काही विचारू नका."

मग ते वाक्य टाईप करायची वेळ आली. मेहबूबभाई लाजले. मी पाठ फिरवली, पण त्यांना एकेक अक्षर पुटपुटल्याशिवाय टाईप करता येत नाही, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. वाक्य मी इथे लिहिणार नाही, गुप्त आहे. एवढंच लिहितो, की एंटर मारल्यावर मेहबूबभाईंनी दाराकडे बघितलं, उठून तोंडातला खर्रा थुंकून आले आणि खिशातली पुडी कचऱ्याच्या डब्यात टाकली.

पास आला. त्याच बाकावर बसून मी मशीनमध्ये गेलो आणि मेसेज पाठवला. मिसळून फवारू नका. वेचून घ्या. डिसेंबरअखेर उपटा. सगळ्या सभासदांना. ऑफिस एवढ्या लांब, आणि मी इथे डेटॉलच्या वासात बसलेला. सिंधूताईचा लगेच फोन आला, मिळाला म्हणून.

थोड्या वेळाने मुलगी झाली. नर्सने सांगितलं की शुद्धीवर येताच आईने विचारलं, पेनड्राइव्ह काढला का?

२६ नोव्हेंबर

सभासदांची सभा. त्याआधी ऑफिसात मी दीपकरावांना मोठ्याने नाही म्हटलं. फार मोठ्याने झालं, बाहेरचा चहावाला आत आला.

सभेत अध्यक्षसाहेब उभे राहिले. माईक नको म्हणाले. सिंधूताईकडे बघून बोलले. "ताई, तो मेसेज माह्या जावयानं टाकला. दुकानातला माल खपवाले. पासवर्ड माह्याच ऑफिसच्या भिंतीवर होता."

 सिंधूताई उठली, पदर सारखा केला. "बरं झालं सांगतलं," म्हणाली. "रोज एका एकाचं तोंड पाहून वाटे, हाच असन का. आता बाकीच्याईचं तोंड नीट पाहता येईन."

मी खाली बघितलं. तिने माझंही तोंड पाहिलं असेल.

२९ नोव्हेंबर

कृषी खात्याचे लोक येऊन दीपकरावांच्या दुकानाला सील लावून गेले. पोलिसांनी जबाब घेतला. अध्यक्षसाहेबांची लेक माहेरी आली आहे. साहेब भीत भीत तिच्यासमोर गेले, तर ती म्हणाली, बाबा, तुम्ही कधी बोलता याचीच वाट पाहून राह्यली होती मी.

१० जानेवारी २०१८

कापूस गेला. मेसेज वेळेवर गेला म्हणून पीक वाचलं, असं काही नाही. निम्म्याहून जास्त बोंडं किडकीच निघाली. शेताशेतात पऱ्हाट्यांचे ढीग जळत आहेत. पण त्या मेसेजनंतर आमच्या गावांतून फवारणीने कोणी दवाखान्यात गेलं नाही. नारायणला एका डोळ्याने दिसतं. काल तो शेतात आला होता, सिंधूताईच्या मागे मागे, तिच्या साडीच्या रंगावर नजर ठेवून.

१६ फेब्रुवारी

हीना लेकीला घेऊन पुण्याला गेली. जाण्याआधी तिने गुप्त वाक्य बदललं आणि सहीची किल्ली आता माझ्याकडे. वाक्य पुष्पाबाईंकडे. मी विचारलं, पुष्पाबाईंकडे का? हीना म्हणाली, काकू तुमच्याएवढ्या चांगल्या नाहीत.

या वेळी मला समजलं.

९ ऑगस्ट

नवा हंगाम. कपाशीला पात्या लागल्या. जुने सगळे पास मुदतीने आपोआप मेले, नवे काढतो आहे. आज अध्यक्षसाहेब आले, रांगेत सिंधूताईच्या मागे बसले. पाळी आल्यावर म्हणाले, ते संपूर्ण दर्शन आता नको. आपल्या शेतात एक सापळा लावला आहे, त्याचा आकडा भरायचा पास मिळेल का?

मी विचारलं, कशासाठी?

"मोजासाठी," ते म्हणाले.

पुष्पाबाईंना बोलावलं, त्यांनी वाक्य टाकलं, मी सही केली. एक शेत, एक सापळा, हंगाम संपेपर्यंत. मोबाईलमध्ये आला तेव्हा साहेबांनी दोनदा उघडून पाहिला. फ्रेम मागितली नाही.

१३ ऑगस्ट

अध्यक्षसाहेबांचा फोन. काल संध्याकाळी सापळ्यापर्यंत जायचा कंटाळा आला म्हणून घरूनच अंदाजे शून्य भरला होता. आज जाऊन पाहिलं तर आत पतंग आहेत, आणि कालचेच वाटतात. तर तो शून्य जरा खोडून देता का, कोणाला कळायच्या आधी?

मी सांगितलं की भरलेलं खोडता येत नाही. मलाही येत नाही, हीनालाही येत नाही. खाली आजचा खरा आकडा भरा, वरचा तसाच राहील.

 मागे बैलाच्या गळ्यातली घंटा वाजत होती. 

"म्हंजे मंग," साहेब म्हणाले, "रोज जाऊन खरंच मोजा लागन."

मी म्हटलं, हो.

"बरं," ते म्हणाले, आणि मला चपला घातल्याचा आवाज ऐकू आला.